नीटसाठी प्लांट फिजिऑलॉजी: वाचलेलं आठवतं, तरी प्रश्न चुकतात. काय बदलू?

कळवा_बारावी

नमस्कार. मी स्टेट बोर्डाच्या बारावीत आहे आणि येत्या मे महिन्यात नीट देणार आहे. टेस्ट सिरीजमध्ये बायोलॉजीच्या ९० पैकी ७२ ते ७५ प्रश्न बरोबर येतात. चुकलेल्यांत दर वेळी चार-पाच प्लांट फिजिऑलॉजीचे असतात. एनसीईआरटी तीनदा वाचून झालंय, ओळी आठवतात, तरी पर्याय समोर आले की गोंधळ उडतो.

रविवारच्या टेस्टमध्ये चुकलेले चार प्रश्न:
प्रकाश अभिक्रियेत प्रोटॉन कुठे साठतात? मी स्ट्रोमा लिहिलं.
क्रेब्ज सायकलच्या एका फेरीत एनएडीएच किती? मी ६ लिहिलं.
सी४ वनस्पतीच्या बंडल शीथ पेशीत कोणतं एन्झाइम नसतं? मी रुबिस्को लिहिलं.
अननसात फुलं आणायला आणि फळधारणा एकाच वेळी व्हायला काय वापरतात? मी ऑक्सिन लिहिलं.

रोज दीड तास या भागाला देता येईल, दोन आठवडे. स्टेट बोर्डाचं पुस्तक नीटसाठीही वाचायचं का? आणि ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन हे धडे करायचे की सोडायचे?

---

पर्णरंध्र_ठाणे

तुझे पहिले तिन्ही प्रश्न एकाच कारणाने चुकलेत. प्रक्रिया तुला येते. ती कुठे घडते आणि आकडा कशामागे मोजलाय, हे पक्कं नाही. या भागात परीक्षक बहुतेक वेळा हेच दोन धागे ओढतो. चौथी वेळ वाचून ते सुटणार नाही, चित्र काढावं लागेल.

एक कोरा फुलस्केप घे. मधोमध दोन आडव्या रेषा काढ, हा थायलाकॉइडचा पडदा. वर स्ट्रोमा (हरितलवकातला द्रव) लिही, खाली ल्युमेन (थायलाकॉइडची पोकळी). पडद्यात डावीकडून क्रमाने पीएस-टू (पीएस म्हणजे फोटोसिस्टिम), सायटोक्रोम बी६एफ, पीएस-वन आणि शेवटी एटीपी बनवणारं एन्झाइम, सीएफ-शून्य सीएफ-वन. सीएफ-वनचं डोकं वर, स्ट्रोमात निघालेलं दाखव. पाण्याचं विघटन पीएस-टूच्या खाली, ल्युमेनच्या बाजूला. एनएडीपी रिडक्टेज पीएस-वनजवळ, स्ट्रोमाच्या बाजूला.

आता प्रोटॉन टिंबांनी दाखव. स्ट्रोमाच्या तुलनेत ल्युमेनमध्ये ते तीन कारणांनी जास्त होतात. पाणी फुटलं की प्रोटॉन ल्युमेनमध्येच सुटतात. इलेक्ट्रॉन पुढे नेणारा वाहक स्ट्रोमातला प्रोटॉन उचलून ल्युमेनमध्ये सोडतो. आणि एनएडीपीएच तयार होताना स्ट्रोमातला प्रोटॉन वापरला जातो, म्हणजे तिकडचे घटतात. ही तीन कारणं तीन बाणांनी कागदावर आली की 'स्ट्रोमा' हा पर्याय तू पुन्हा निवडणार नाहीस.

कागद उलटा कर आणि मागे तंतुकणिकेचा (मायटोकॉन्ड्रियाचा) आतला पडदा काढ. इथे प्रोटॉन दोन पडद्यांमधल्या जागेत साठतात आणि मॅट्रिक्सकडे परततात. इथलं एटीपी बनवणारं एन्झाइम एफ-शून्य एफ-वन, आणि एफ-वनचं डोकं मॅट्रिक्सकडे असतं. दोन्ही चित्रांना एकच नियम लागू पडतो: डोकं जिकडे, एटीपी तिकडे.

गोंधळ कुठे होतो बघ. मुलं वहीत लिहितात, 'प्रोटॉन आत साठतात'. थायलाकॉइडचं आत म्हणजे ल्युमेन, तिथे हे वाक्य बरोबर. पण तंतुकणिकेचं आत म्हणजे मॅट्रिक्स, तिथे तेच वाक्य चूक. त्यामुळे या दोन धड्यांच्या नोट्समधून 'आत' आणि 'बाहेर' हे शब्द काढूनच टाक. प्रत्येक वेळी ल्युमेन, स्ट्रोमा, मॅट्रिक्स, इंटरमेम्ब्रेन स्पेस असं नावानिशी लिही.

चक्रीय फोटोफॉस्फोरिलेशनही याच कागदावर बसतं. स्ट्रोमा लॅमेलात पीएस-टू नाही आणि एनएडीपी रिडक्टेजही नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन पीएस-वनमधून निघून परत तिथेच येतो आणि फक्त एटीपी मिळतं. ऑक्सिजन नाही, एनएडीपीएच नाही. 'का नाही' हे चित्रातच दिसत असल्यामुळे वेगळं पाठ करावं लागत नाही. पीएस-वन आणि टू हे आकडे शोध लागल्याच्या क्रमाने आहेत, कामाच्या क्रमाने नाहीत. तेवढी नोंद कोपऱ्यात ठेव.

सी४ साठी दोन चौकोन शेजारी काढ. डावा मिसोफिल: पेपकेज (पेपवर कार्बन डायऑक्साइड बसवणारं एन्झाइम) आहे, रुबिस्को (कॅल्विन सायकलमध्ये कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम) नाही. उजवा बंडल शीथ: रुबिस्को आहे, पेपकेज नाही. डावीकडे पेप (फॉस्फोइनॉलपायरुव्हेट) हा तीन कार्बनचा, त्यावर कार्बन डायऑक्साइड बसून चार कार्बनचं ऑक्झॅलोअॅसिटिक आम्ल. ते मॅलिक किंवा अॅस्पार्टिक आम्ल होऊन उजवीकडे जातं, तिथे कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि तीन कार्बनचा तुकडा परत डावीकडे येतो. म्हणजे कॅल्विन सायकल उजव्या चौकोनातच चालते. रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटलेला राहतो, म्हणून तिथे ऑक्सिजनेजचं काम होत नाही आणि प्रकाशश्वसन टळतं. या सगळ्या खटाटोपाचं कारणच ते आहे.

---

हिशोब_घणसोली

वरच्या उत्तरातला 'कशामागे' हा भाग मी पुरा करतो. आकड्यांचा प्रश्न आला की आधी प्रश्नातल्या तीन गोष्टींखाली रेघ मारायची: सुरुवात कशापासून, एक फेरी की एक ग्लुकोज, एकूण की निव्वळ. पर्याय बघायचे ते नंतर.

क्रेब्जची एक फेरी अॅसिटिल को-ए पासून मोजतात: ३ एनएडीएच, १ एफएडीएच-टू, १ जीटीपी. प्रश्नात 'एका पायरुव्हेटपासून' असेल तर पायरुव्हेट डीहायड्रोजनेजचा एक मिळवून ४ एनएडीएच. एका ग्लुकोजमागे फक्त क्रेब्जचे विचारले तर ६. तू दिलेलं उत्तर चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होतं.

जमाखर्च असा मांड. ग्लायकोलिसिसमध्ये ४ एटीपी येतात आणि २ जातात. खर्चाच्या दोन पायऱ्या म्हणजे ग्लुकोज ते ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि फ्रुक्टोज-६-फॉस्फेट ते फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट. निव्वळ २ एटीपी आणि २ एनएडीएच. पायरुव्हेट ते अॅसिटिल को-ए: २ एनएडीएच. क्रेब्ज, दोन फेऱ्या: ६ एनएडीएच, २ एफएडीएच-टू, २ जीटीपी. आता पुस्तकाच्या दराने एका एनएडीएचचे ३ आणि एफएडीएच-टूचे २ धर. १० एनएडीएचचे ३०, दोन एफएडीएच-टूचे ४, थेट मिळालेले २ आणि २. एकूण ३८.

कुणी ३६ सांगितलं तर तेही हवेतलं नाही. ग्लायकोलिसिसमधले २ एनएडीएच पेशीद्रव्यात तयार होतात, त्यांचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत न्यावे लागतात. ज्या वाटेने नेले तिच्यात तोटा झाला तर तिथे ३ ऐवजी २ मिळतात आणि दोन कमी होतात. बायोकेमिस्ट्रीच्या नव्या हिशोबात तर ३० ते ३२ येतात. पण नीटला सध्याच्या एनसीईआरटीतला ३८ हाच धरायचा.

कॅल्विन सायकलमध्ये एका कार्बन डायऑक्साइडमागे ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच. त्या ३ मधले २ रिडक्शनला आणि १ आरयूबीपी (ज्यावर कार्बन डायऑक्साइड बसतो तो रेणू) परत तयार करायला. ग्लुकोजसाठी सहापट: १८ आणि १२. सी४ मध्ये पेप परत तयार करायला एका कार्बन डायऑक्साइडमागे २ एटीपी जास्त लागतात, म्हणून १८ अधिक १२, म्हणजे ३०. एनएडीपीएच मात्र १२ च. हा ३० आकडा नुसता पाठ केला तर परीक्षेत १८ शी अदलाबदल होते. जादा १२ कुठे खर्च झाले ते माहीत असलं की होत नाही.

आरक्यूचंही (श्वसनात सुटलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) तेच. कर्बोदकांचा १, प्रथिनांचा सुमारे ०.९. ट्रायपामिटिनच्या दोन रेणूंना १४५ ऑक्सिजन लागतात आणि १०२ कार्बन डायऑक्साइड सुटतात, म्हणून ०.७. मेदात मुळात ऑक्सिजन कमी असतो, बाहेरून जास्त घ्यावा लागतो, छेद मोठा होतो, उत्तर १ च्या खाली. उलट मॅलिक आम्लात ऑक्सिजन आधीच भरपूर: ३ ऑक्सिजन आत, ४ कार्बन डायऑक्साइड बाहेर, म्हणून १.३३. हे समजलं की न वाचलेल्या पदार्थाचाही आरक्यू १ च्या वर की खाली ते सांगता येतं.

एक राहिलं. एफ-शून्यमधून २ प्रोटॉन गेले की १ एटीपी.

---

पर्णरंध्र_ठाणे

शेवटच्या ओळीत दुरुस्ती. २ प्रोटॉन हे एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत होतं. नव्या आवृत्तीत एका एटीपीमागे ४ प्रोटॉन दिलेत. मोठ्या भावंडांची किंवा रद्दीवाल्याकडून आणलेली पुस्तकं वापरणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी नवी प्रत शेजारी ठेवावी. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते.

---

हिशोब_घणसोली

बरोबर आहे, ४ च. माझ्या डोक्यात जुनीच आवृत्ती होती. कळवा, तुझ्या वहीत ४ लिही.

---

पाण्याची_वाट

अभ्यासक्रमाबद्दल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नीटचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स आणि मिनरल न्यूट्रिशन हे दोन्ही धडे गेले. नीटसाठी तुझ्याकडे तीनच धडे उरतात: प्रकाशसंश्लेषण, श्वसन, वाढ आणि विकास. २०२३ आणि त्याआधीच्या प्रश्नपत्रिका सोडवताना मुळांचा दाब, कॅस्पेरियन पट्टी, बोरॉनची कमतरता असे प्रश्न येतील. ते चुकले म्हणून हिरमुसू नकोस, गुणांच्या हिशोबातून वगळ. नायट्रोजन स्थिरीकरण मात्र पुरतं सोडू नकोस. रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, अॅनाबिना ही मंडळी बारावीच्या सूक्ष्मजीवांच्या धड्यात जैविक खतं म्हणून परत भेटतात.

पण तू स्टेट बोर्डाची आहेस. 'नीटमध्ये नाही, सोडून दे' असं क्लासमध्ये सांगतात ते बोर्डाला लागू होत नाही. बारावीच्या पुस्तकात प्लांट वॉटर रिलेशन आणि प्लांट ग्रोथ अँड मिनरल न्यूट्रिशन हे सहावा आणि सातवा धडा आहेत, आणि ते बोर्डाच्या परीक्षेला येतात. फार्मसीसाठी सीईटी देणार असशील तर तिथेही लागतील. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात आहेत. नीटसाठी ते एनसीईआरटीतूनच कर, दोन पुस्तकांची वाक्यं मिसळू नकोस.

जलविभवावर बोर्डाची मुलं हमखास अडकतात म्हणून एक उदाहरण. जलविभव म्हणजे द्राव्य विभव अधिक दाब विभव. पेशी अ: द्राव्य विभव उणे १.०, दाब विभव ०.४ मेगापास्कल. पेशी ब: उणे ०.८ आणि ०.१. पाणी कुठून कुठे? बहुतेक जण फक्त द्राव्य विभव बघतात आणि ब कडून अ कडे म्हणतात. बेरीज कर: अ उणे ०.६, ब उणे ०.७. पाणी जास्त विभवाकडून कमी विभवाकडे जातं, म्हणजे अ कडून ब कडे. अ मध्ये द्राव्य जास्त असलं तरी तिची भित्ती पाण्याला मागे रेटते आहे. उणे आकड्यात शून्याच्या जवळचा तो मोठा, हे गणित इथे विसरलं जातं.

---

आढी_वाशी

संप्रेरकांचं मी सांगते, कारण चौथी चूक वेगळ्या जातीची आहे.

पाच संप्रेरकांची पाच पानं करून नोट्स काढल्या की प्रत्येक पान स्वतंत्रपणे छान पाठ होतं. प्रश्न मात्र पानांच्या मधून येतो. म्हणून तक्ता उलटा कर. डावीकडे संप्रेरक न लिहिता परिणाम लिही: फुलं आणणं, फळ पिकणं, पान गळणं, पान ताजं राहणं, बाजूच्या फांद्या फुटणं, खोड लांबणं, बी सुप्त राहणं. समोर त्या परिणामाला मदत करणारे आणि अडवणारे लिही. मग दिसतं की फांद्या फुटण्यात ऑक्सिन आणि सायटोकायनिन समोरासमोर उभे आहेत, बीच्या सुप्तावस्थेत अॅबसिसिक आम्ल आणि जिबरेलिन. पान गळण्यात ऑक्सिन दोन्हीकडे येतं: कोवळी पानं आणि फळं टिकवतं, जुनी गळायला लावतं. अशी दोन तोंडांची वाक्यं विधान एक, विधान दोन या प्रकारात घालतात.

अननसाच्या ओळीत दोन नावं येतील. ऑक्सिन अननसात फुलं आणतं असंही एनसीईआरटीत आहे, आणि इथिलीन फुलं सुरू करून फळधारणा एकाच वेळी घडवतं असंही आहे. दोन्ही खरं आहे, कारण अननसाला ऑक्सिन दिलं की झाडात इथिलीन तयार होतं आणि फुलं त्याने येतात. प्रश्नात 'एकाच वेळी फळधारणा' आलं की इथिलीन. तुझ्या प्रश्नात ते शब्द होते.

इथिलीन पाठ करायचंच नाही, आंब्याची आढी आठवायची. पेंढ्यात कच्चे हापूस झाकून ठेवतात. आधी पिकू लागलेले आंबे इथिलीन सोडतात, वायू पेंढ्यात कोंडतो आणि शेजारचे पिकू लागतात. आढी सारखी उघडून बघितली तर वायू निघून जातो आणि पिकणं रेंगाळतं. हीच गोष्ट कझिन्सने १९१० मध्ये पिकलेली संत्री आणि साठवलेली केळी यांच्यात दाखवली. फळ पिकताना श्वसनाचा वेग एकदम चढतो, त्याला रेस्पिरेटरी क्लायमॅक्टिक म्हणतात. आढीत हात घातला की ऊब लागते ती त्या श्वसनाची. वाशीच्या एपीएमसीत येणारी केळी बंद खोलीत इथिलीन देऊन पिकवतात तेही हेच, फक्त मोजून. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा १०० पीपीएमची आहे. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे. त्यातून निघणारं अॅसिटिलीन इथिलीनसारखं वागतं, पण त्याबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसची घाण येऊ शकते.

द्राक्षांचे घड लांब आणि मोकळे व्हावेत म्हणून नाशिककडे वापरतात ते जिबरेलिन. उसाची कांडी लांबवणारंही तेच. 'बाकाने' हा भाताचा रोग, जिबरेला फुजिकुरोई ही बुरशी आणि कुरोसावा ही त्रयी एकत्र ठेव. काइनेटिन हेरिंग माशाच्या शुक्रपेशींच्या डीएनएपासून मिळालं, ते वनस्पतीत नैसर्गिकरीत्या नसतं. झिएटिन मक्याच्या दाण्यातून आणि नारळाच्या पाण्यातून. काइनेटिन आणि झिएटिन यांची अदलाबदल हा जुना सापळा आहे. इन्हिबिटर-बी, अॅबसिशन-टू आणि डॉर्मिन ही तिन्ही नावं एकाच अॅबसिसिक आम्लाची निघाली.

वाढीच्या गणितातला एकच सापळा सांगते. एक पान ५ चं १० चौरस सेंटिमीटर झालं, दुसरं ५० चं ५५. दोघांची वाढ ५ च. पण सापेक्ष वाढ पहिल्याची १०० टक्के, दुसऱ्याची १०. प्रश्नात 'सापेक्ष' हा शब्द नसेल तर टक्के काढू नको.

---

कळवा_बारावी

सगळ्यांचे मनापासून आभार. 'आत' शब्दाचं अगदी तसंच झालंय, माझ्या वहीत दोन्ही धड्यांत तेच लिहिलेलं आहे. आढी_वाशी ताई, तक्ता आज रात्रीच उलटा करते.

दोन शंका उरल्या. चौदा दिवस कसे वाटू? आणि प्रकाशसंश्लेषणाला मर्यादा घालणाऱ्या घटकांचा आलेख वाचता येतो, पण 'या बिंदूला कोणता घटक मर्यादा घालतोय' विचारलं की अडते.

---

पर्णरंध्र_ठाणे

पाच दिवस प्रकाशसंश्लेषण, चार श्वसन, तीन वाढ आणि विकास, शेवटचे दोन फक्त चुकांच्या वहीसाठी. प्रकाशसंश्लेषणाला जास्त, कारण आकृत्या तिथे जास्त आहेत आणि श्वसनाचा निम्मा भाग त्या चित्राच्या आधाराने कळतो.

दीड तासातली पहिली वीस मिनिटं पुस्तक बंद ठेवून कालचं चित्र कोऱ्या कागदावर. मग पुस्तक उघडून लाल पेनने दुरुस्ती. पुढे चाळीस मिनिटं नवीन वाचन, आकृत्यांखालच्या ओळींसकट. उरलेल्या अर्ध्या तासात वेळ लावून तीस प्रश्न. एका प्रश्नाला मिनिट धरलं तरी हे सैल आहे. परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात आणि फिजिक्सला वेळ उरायला हवा, म्हणून बायोलॉजीचे ९० प्रश्न पन्नास मिनिटांच्या आसपास संपायला हवेत. चुकलेल्या प्रश्नापुढे एकच शब्द लिही: 'जागा', 'आकडा', 'शब्द' किंवा 'माहीत नव्हतं'. चौथ्या दिवशी कोणता शब्द जास्त आलाय ते मोज आणि उरलेला वेळ तिकडे वळव. उणे एक गुण लक्षात घेऊन, दोन पर्याय खात्रीने कटत असतील तरच अंदाज कर.

आलेखाचं नेरूळच्या उत्तरात सविस्तर येईल असं दिसतंय, ते आत्ताच लिहितायत.

---

नेरूळ_प्रयोग

आलेखासाठी नियम एवढाच: रेघ चढत असेल तोवर आडव्या अक्षावरचा घटक मर्यादा घालतोय. रेघ आडवी झाली की दुसरा कुठला तरी. दुसरा कोणता, ते शेजारच्या रेघेवरून कळतं. कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर आडवी रेघ वर सरकली असेल, तर तोच अडवत होता. ब्लॅकमनचा १९०५ चा नियम म्हणजे हेच. सूर्याच्या पूर्ण उजेडाच्या १० टक्क्यांनाच प्रकाश पुरेसा होतो, त्यामुळे दाट सावली किंवा घनदाट जंगल सोडलं तर निसर्गात प्रकाश क्वचितच अडवतो. अडवतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. सी४ वनस्पती ३६० मायक्रोलिटर प्रति लिटरच्या आसपास थांबतात, सी३ ४५० च्या पुढेच. म्हणून हरितगृहात जादा कार्बन डायऑक्साइड देतात तो टोमॅटो आणि सिमला मिरचीला.

हे एकदा डोळ्यांनी बघायचं असेल तर माशांच्या दुकानातून हायड्रिलाची ताजी काडी आण. पाण्याखाली तिरका काप दे आणि कापलेलं टोक वर करून पाण्याच्या ग्लासात ठेव. दोनशे मिलिलिटर पाण्याला चिमूटभर खायचा सोडा. टेबललॅम्प १० सेंटिमीटरवर ठेवून पहिली पाच मिनिटं मोजू नको, काडी स्थिरावू दे. मग दर मिनिटाचे बुडबुडे तीनदा मोज. दिवा २० वर, ३० वर. नंतर दिवा १० वर आणून आणखी एक चिमूट सोडा घाल आणि परत मोज. दिवा जवळ आणूनही बुडबुडे वाढत नाहीत आणि सोडा घातल्यावर वाढतात, ती जागा म्हणजे तुझ्या आलेखातला वळणाचा बिंदू.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पिवळ्या बल्बने पाणी तापतं आणि तापमान हा दुसराच घटक बदलतो, म्हणून एलईडी वापर किंवा मध्ये पाण्याने भरलेली काचेची बाटली ठेव. सोडा चमचाभर पडला तर काडीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि बुडबुडे बंद होतात. आणि काप बोथट ब्लेडने दिला तर टोक चेचतं, बुडबुडे कडेने बारीक-बारीक निघतात आणि मोजता येत नाहीत. अशा वेळी टोकाकडून अर्धा सेंटिमीटर परत काप.